बाद फायली

लेकीचा कॉम्प्युटर रखडतो म्हणून निवृत्त ग्रंथपाल बाबांनी सकाळी त्याची साफसफाई केली आणि दुपारी तो सुरूच होईना. तिचा चार वर्षांचा प्रबंध आतच अडकला. तिनं घाईनं दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी स्क्रीन पाहिला. “सिस्टीमच्या फायलीच नाहीत. काय काढलंत, काका?” “वर्षानुवर्षं कुणी उघडल्या नव्हत्या, त्या बाद केल्या. ग्रंथालयात जन्मभर हेच केलं,” बाबा ओशाळून म्हणाले आणि त्यांनी वही पुढे केली. बाद केलेल्या प्रत्येक फाइलचं नाव, मूळ जागा, सगळं सुवाच्य अक्षरात! “अहो, अशी यादी आम्हाला स्वप्नातसुद्धा मिळत नाही!” बाईंनी यादीबरहुकूम आपल्या डिस्कवरून एकेक फाइल जागेवर बसवली. कॉम्प्युटर किणकिणला, प्रबंध उघडला, लेक बाबांच्या गळ्यातच पडली. तिला थोपटत बाबांनी कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवली: ‘फक्त संदर्भासाठी. काहीही जागेवरून हलवू नये.’