चार सेकंद

परसातल्या तळ्यातल्या माशांना संध्याकाळी पाच वाजता खाद्य घालायची आठवण करायला मुलगा परगावाहून रोज फोन करायचा. बाबांचा उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. तरी ते रोज न चुकता म्हणायचे, "बरं झालं आठवण केलीस."

सुट्टीत मुलाने येऊन तळ्याच्या काठावर आपोआप खाद्य टाकणारं मशीन बसवलं. "बाबा, आता तुमच्यामागची कटकट गेली," तो म्हणाला. मशीन चोख निघालं. फोनला काही कारणच उरलं नाही.

पंधराव्या दिवशी तळ्याजवळ उभं राहून बाबांनीच फोन लावला. "तुझं मशीन बिघडलंय."

"मला इथे मोबाइलवर चालू दिसतंय."

"चालतंय, पण चार सेकंद मागे पडतं."

"चार सेकंदांनी माशांना काय होतंय, बाबा?"

"माशांना काही होत नाही."

तेवढ्यात घरातल्या घड्याळात पाचाचा पहिला ठोका पडला आणि त्याच क्षणी मशीनने घरघर करत खाद्य टाकलं. बाबांनी फोनवर हात धरला, पण जे ऐकू जायचं ते गेलं होतं.

मुलगा म्हणाला, "खरंच बिघडलंय की. कंपनीचा माणूस येईपर्यंत मीच रोज पाचला आठवण करत जातो."

"कधी येईल तो माणूस?"

"तक्रार केली की दोन दिवसांत येतो."

"मग एवढ्यात तक्रार करू नकोस."