वाळुंजांच्या दलदलीचं आडनाव

"अख्ख्या जर्मनीत हे आडनाव फक्त आपलं आहे, आजोबा. मग इस्रायलमधल्या हैफाची ही बाई आपलीच कुणीतरी असणार ना?"

इम्केने योनासला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पोराचा रक्ताचा आजार बळावत चालला होता. अस्थिमज्जा जुळली तर नात्यातल्याच कुणाची जुळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तिची जुळली नव्हती, नवऱ्याची नव्हती. आजोबांनी तर सुईच टोचून घेतली नव्हती.

"नाव सारखं म्हणून रक्त सारखं होतं का?" आजोबा खेकसले.

"तुम्हीच तर सांगत आलात! वाइडनश्ट्रूट म्हणजे वाळुंजांची दलदल, तिच्या काठी एकच गाव, आणि जगातले सगळे वाइडनश्ट्रूट तिथलेच."

महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात आजोबांचं घर गेलं, माणसं गेली, कागदपत्रं जळाली. दोघा ओळखीच्यांच्या साक्षीवर त्यांना नवं ओळखपत्र मिळालं, ही गोष्ट इम्केला पाठ होती. डाव्या दंडाच्या आतला भाजल्याचा डाग त्याच रात्रीचा. भर उन्हाळ्यातही ते लांब बाह्यांचा सदरा घालत.

इम्केने परदेशातल्या पेपरांत आजोबांच्या नावानिशी जाहिरात दिली होती. उत्तर एकच आलं, तिर्झाबाईंचं. फोनवर त्यांनी विचारलं होतं, "लोथार? फुल्डाजवळचा?" मग बराच वेळ नुसतं रडणं. "माझा धाकटा भाऊ, गं! मी येते. माझी पोरं, नातवंडं, ज्याचं हवं त्याचं रक्त तपासा."

आजोबांना तिने एवढंच सांगितलं, की कुणी लांबची नातलग येतेय. म्हाताऱ्याला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

रविवारी तिर्झाबाई आल्या. आजोबा आतल्या खोलीत झोपले होते. इम्केने आलूबुखाऱ्याचा केक कापला, कॉफी ओतली. बाईंनी आधी योनासला जवळ घेतलं. "आमच्या लोथारलाही असाच केक आवडायचा. उठवा ना त्याला!"

"आजोबा, या बाहेर! बघा कोण आलंय!"

दार उघडलं. तिर्झाबाई हसत उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी बाळ हळूच इम्केच्या हातात दिलं.

"हा लोथार नाही."

"पन्नास वर्षं झाली हो, माणूस बदलतो..."

"लोथारला ज्याने जिन्यावरून फरफटत खाली नेलं ना, तो हा. मी शेजारणीच्या कोठीतून बघत होते. हिटलरच्या एसएसच्या गणवेशात होता. डाव्या दंडाच्या आत रक्तगट गोंदलेला असायचा या लोकांच्या. लोथारचे कागद यानेच खिशात घातले."

तिर्झाबाई खाली बसल्या.

इम्केला बाईंकडे बघवेना. बघायला हवं होतं. पण कुशीतलं पोर तापलेलं होतं, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती.

"म्हणजे तुमची माणसं वेगळीच आहेत. भाऊ असतील, पुतणे असतील, कुठेतरी जिवंत असतील. कुणाचं तरी जुळेल." तिने योनासला आजोबांसमोर धरलं. "मी कुणाला काही सांगणार नाही, आजोबा. फक्त सांगा. आपलं आडनाव काय?"

आजोबांनी बाहीचं बटण लावलं.

"वाइडनश्ट्रूट," ते म्हणाले.