लाल खूण

आई शेताच्या वाटेवर पडली, तेव्हा तिचा फोन मेढा गावातल्या घरात उशीखाली होता. ती रोज किती चालते हे कळावं म्हणून उदयदादानेच त्यात अ‍ॅप घातलं होतं. पुण्यात त्याला पुरेशा पावलांची हिरवी खूण दिसली की तो निश्चिंत असे. कमी पावलांची लाल दिसली की लगेच फोन करून तिला रागवत असे.

तेराव्याला तो म्हणाला, "फोन जवळ असता तर वेळेत कळलं असतं. इतकं सांगूनही विसरायची."

ताटं उचलणाऱ्या शेजारच्या चंद्राबाई थांबल्या.

"इसरायच्या न्हाईत रं बाबा. मुद्दाम ठिवून जायच्या. म्हणायच्या, ह्यो संगं नेला की उदयचा फोन येत न्हाई."