ठरावाच्या विरोधात

व्हिएन्नातल्या एका कॉफीघराची मागची खोली, एवढंच आमचं हंगेरीचं परागंदा कामगार सरकार उरलं होतं. त्या दुपारी ठराव आला : सरकार मोडायचं आणि बुडापेस्टच्या नव्या राजवटीपुढे शरण जायचं.

बाजूने तीन हात वर झाले. विरोधात आमच्या अध्यक्ष एटेल्काबाई, म्हातारा ओडोन आणि मी.

"बरोबरी झाली," अर्थमंत्री हसला. "हट्ट सोडा आता, बाई."

"आरशात बघा," ओडोन पुटपुटला.

भिंतीवरच्या आरशात आमच्या बाजूला आणखी एक हात वर होता, दोन बोटं तुटलेला. तसा हात फक्त आमच्या मंत्रिमंडळातल्या लोरांटचा. त्याला नव्या राजवटीने बुडापेस्टात फासावर चढवलं होतं.

एटेल्काबाईंनी नजर हटवली नाही.

"मत मोजलं, कॉम्रेड," त्या म्हणाल्या. "ठराव फेटाळला. सरकार राहील."

आम्ही हात खाली घेतले. आरशात मात्र ते वरच राहिले.