ठेंगण्या दाराचा उंबरा

सास्तूरचं साधना केंद्र गावाच्या देणगीतून उभं राहिलं. कुणी सिमेंट दिलं, कुणी वाळू. सिताबाईनं त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या आपल्या घराचा दगडी उंबरा दिला.

त्या घराचं दार लई ठेंगणं होतं. तिचा लेक मल्हार अंगानं उंच. येता-जाता त्याचं कपाळ चौकटीवर आदळायचं आणि ती चुलीपासनंच ओरडायची, "वाकून ये रं!" भूकंपात तो त्याच दारात मातीखाली मेलेला सापडला.

केंद्राचं दार हत्ती जाईल एवढं उंच. तरी उद्घाटनाला आलेला जो तो उंबऱ्याशी वाकत होता.

"बघा, केवढा भाव!" केंद्राचे महाराज हरखून म्हणाले.

सिताबाई निरखून बघत होती. कुणी हात जोडत नव्हतं, कुणी उंबऱ्याला शिवत नव्हतं. सगळे नुसती मान तिरकी करून डोकं वाचवत होते.

तीही तशीच आत आली. मागं लाकडावर कपाळ आदळल्याचा आवाज झाला. केंद्राच्या दाराला तर लाकूडच नव्हतं.

"कितींदा सांगितलं, वाकून येत जा," तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"वाकलो व्हतो की, माय."