एक झाड कमी

"जरा त्या भिंतीपाशी उभी राहा," बाबा म्हणाले.

त्यांचा घरी विसरलेला चष्मा द्यायला ती बागेत आली होती. चष्म्याच्या घरातून काढून त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे, म्हणजे तिला वाटलं तिच्या मागे, बराच वेळ पाहिलं आणि वहीत खूण केली. "झालं. पळ आता."

"पळतेय कसली? गुडघे बोलतात आता माझे."

ते हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

त्या बागेत प्रत्येक झाडाला नंबर असे. आधी झाड आलं ते साल, मग अनुक्रम. तोच नंबर खोडावरच्या बिल्ल्यावर, तोच वहीत, तोच कार्डावर. झाड मेलं तरी तो दुसऱ्याला देत नसत. वर्षातून एकदा प्रत्येक झाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहून 'जिवंत' अशी खूण करायची, हे बाबांचं काम. आपल्या मोजणीत एकही झाड कधी हरवलं नाही, ही त्यांची आयुष्यातली एकमेव बढाई.

यंदाची मोजणी अर्धी राहिली होती. ती पुरी करायला तीच गेली. माळीकाका बिल्ले वाचत, ती वहीत पाही. आठवडाभरात सगळं जुळलं, शेवटच्या पानावरचा एक नंबर सोडून. त्याला झाडाचं नाव नव्हतं, नकाशावर जागा नव्हती. पुढे अडतीस खुणा होत्या. शेवटची, बाबांच्या शेवटच्या दिवशीची.

माळीकाका म्हणाले, असला बिल्ला मी जन्मात ठोकलेला नाही, 'मेलं' लिही आणि मोकळी हो. बाबांच्या वहीत आपण तसं लिहिणार नाही, असं तिने सांगितलं.

"अगदी बापावर गेलीस बघ," काका म्हणाले.

तिने वही मिटली.

त्या दिवशीची भिंत तिने शोधली. मागे झाड नव्हतं. नुसता पोपडे आलेला चुना. तिने नंबर पुन्हा वाचला. सुरुवातीचं साल तिच्या जन्माचं होतं.

कार्ड घरी सापडलं, चष्म्याच्या घरात, अस्तराखाली. अठरा वर्षांपर्यंतची उंची, इंचाइंचानं. 'नववं वर्ष: जागा बदलली. महिनाभर मान टाकली होती, सावरली.' 'बारावं: काहीतरी दुखावलंय. कारण कळत नाही.' सगळ्यात वर, 'कुठून आलं' या रकान्यात: 'फाटकापाशी, रोपांच्या रिकाम्या खोक्यात. दोन दिवसांची.' आणि दर वर्षाच्या वेगळ्या शाईत, खाली खाली, एकच ओळ: 'यंदाही तिला सांगितलं नाही.'

ती उठून बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर, भिंतीपाशी, ताठ उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मला बाराव्या वर्षापासून माहीत आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."