न्हाणीतला नाग

बरकतपुऱ्यातली भाड्याची खोली सोडून, कर्ज काढून, मियापूरच्या नव्या कॉलनीत आल्यापासून युवराजच्या घरात निघालेला हा पहिलाच नाग. न्हाणीच्या मोरीतून तो वर आला आणि आत अंघोळ करणारी लेक किंचाळली. युवराजनं काठीनं त्याला ठेचलं. त्याच्या बुळबुळीत अंगाला कच्च्या अंड्याची अन् दुधाची अशी घाण येत होती, की युवराजनं नाक दाबूनच त्याला बादलीत टाकलं.

तेवढ्यात बायको, भाग्यलक्ष्मी, पूजेचं रिकामं ताट घेऊन दारात आली.

"अहो, आज तेलुगू लोकांची नागुल चविती ना! शेजारणींबरोबर मीपण घरामागच्या वारुळात दूध-अंडी ओतून आले. म्हटलं, देवा, आमच्या पोरीला सांभाळ."

मग जराशी हिरमुसून म्हणाली,

"पण नागोबा काही दिसला नाही."